जीर्ण होणे म्हणजे मातीस मिळणे नव्हे

मृग नक्षत्र तोंडावर आले, की कोल्हापूरच्या बाजारात प्लॅस्टिकच्या कागदाची खरेदी सुरू होते. गोठ्यावर, वैरणीच्या गंजीवर, गळक्या कौलांवर तो अंथरला जातो. गेल्या वर्षीचा कागद यंदा का चालत नाही, असे कोणी विचारीत नाही. कारण उत्तर सर्वांच्या अनुभवाचे आहे. वर्षभर उन्हात राहिलेला कागद हाती धरताच पापुद्र्यासारखा तुटतो. त्याच घराच्या गच्चीवरील पाण्याची काळी टाकी मात्र त्याच उन्हात वर्षानुवर्षे उभी असते. वस्तुतः कागद आणि टाकी ही दोन्ही पॉलिथिन या एकाच कुळातील. टाकी जाड असते हे खरे. तथापि तिच्या दीर्घायुष्याला तिच्यात मिसळलेली दोन-तीन टक्के काजळी मोठ्या प्रमाणात कारणीभूत असते. ही काजळी सूर्यकिरण स्वतः शोषून घेते आणि त्यांना प्लॅस्टिकच्या अंतरंगापर्यंत पोचू देत नाही.

प्लॅस्टिक किती दिवस टिकेल हे केवळ प्लॅस्टिकवर अवलंबून नसून त्यात काय मिसळले आहे यावरही अवलंबून असते, हा या घरगुती दाखल्याचा अर्थ आहे. 'विघटनशील', 'मातीत विरणारे', 'पर्यावरणस्नेही' अशी नावे धारण करून जे प्लॅस्टिकचे पापुद्रे आता बाजारात आणि शेतात येत आहेत, त्यांच्या बाबतीत हा अर्थ ध्यानात घेणे अगत्याचे झाले आहे. या पापुद्र्यांत खडूची भुकटी, शंखजिरे, चिकणमाती, पांढरा रंग अशी खनिजे मिसळलेली असतात. उन्हात ती काय करतात, यावर त्या सुंदर नावांचा खरेपणा बराचसा ठरतो. पिशवीवरचे वा गुंडाळीवरचे नाव वाचून समाधान मानणाऱ्या ग्राहकाला हे कोणी सांगत नाही.

शेतातील कागद

शिरोळ, हातकणंगले, करवीर या तालुक्यांत टोमॅटो, ढोबळी मिरची, कलिंगड अशी पिके घेणाऱ्या शेतकऱ्याला 'मल्चिंग पेपर' हा शब्द नवा राहिलेला नाही. गादीवाफ्यावर अंथरावयाचा, सामान्यतः २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा, वरून चंदेरी व खालून काळा असा हा कागद. त्यामुळे तण उगवत नाही, भांगलणीची मजुरी वाचते, ओल टिकते. मजूर मिळणे दुरापास्त झालेल्या काळात शेतकरी त्याच्याकडे वळला तर त्याला दोष देता येणार नाही. अडचण येते ती पीक निघाल्यानंतर. उन्हाने विरलेला कागद ओढताच फाटतो, मातीत दाबलेल्या कडा तशाच राहतात, हाती येईल तेवढा बांधावर जाळला जातो आणि उरलेला नांगराखाली जातो. नदीकाठच्या शेतांतील असे तुकडे पुराबरोबर पुढे जातात. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर पाहिलेल्या या जिल्ह्याला पाणी ओसरल्यावर झाडाझुडपांत अडकून राहणाऱ्या प्लॅस्टिकचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

यावर तोड म्हणून विघटनशील आच्छादनाचा कागद पुढे आला आहे. पीक निघाले की गोळा करावयाचे कारण नाही, नांगरून टाका, जमिनीतील सूक्ष्म जीव तो फस्त करतील, असे त्याचे आश्वासन आहे. हा कागद प्रामुख्याने दोन द्रव्यांचा बनतो. एक पॉलिलॅक्टिक आम्ल. साखर किंवा पिष्ट आंबवून लॅक्टिक आम्ल मिळते आणि त्याच्या रेणूंची साखळी गुंफून हे प्लॅस्टिक तयार होते. दुसरे पीबीएटी या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे पॉलिएस्टर. ते येते खनिज तेलापासून, परंतु सूक्ष्म जीव ते खाऊ शकतात. पहिले ठिसूळ, दुसरे लवचीक. म्हणून दोहोंचे मिश्रण करतात.

यातील पहिल्या द्रव्याशी ऊसकरी कोल्हापूरचे नाते जुळण्याचा संभव आहे. थायलंडमधील रायोंग येथे ऊससाखरेपासून असे प्लॅस्टिक करणारा वर्षाला ७५ हजार टन क्षमतेचा कारखाना २०१८ पासून उभा आहे. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात जेजुरी येथे २०२४ साली अशाच जैवप्लॅस्टिकाचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. साखरेच्या भावाची चिंता वाहणाऱ्या या जिल्ह्यातही उद्या असे काही उभे राहिले तर नवल वाटावयास नको. म्हणूनच या मालाचे गुणदोष आताच जाणून घेतलेले बरे.

ही द्रव्ये साध्या पॉलिथिनपेक्षा महाग पडतात आणि येथेच खनिजांचा प्रवेश होतो. खडूची भुकटी स्वस्त असते. ती दहा-वीस टक्के मिसळली, तर किंमत उतरते आणि कागदाला ताठपणाही येतो. भर आणि भेसळ यांत फरक आहे हे मान्य केले पाहिजे. दुधात पाणी घालणे ही भेसळ. सिमेंटमध्ये वाळू घालणे ही भर. प्लॅस्टिकमधील खनिज ही दुसऱ्या जातीची गोष्ट आहे. परंतु वाळू कोणती व किती, यावर इमारतीचे आयुष्य ठरते. प्लॅस्टिकच्या बाबतीतही तोच न्याय लागू होतो.

उन्हाचे काम

सूर्यप्रकाशातील जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांतील अतिनील म्हणजेच जंबुपार किरण प्लॅस्टिकचे वैरी होत. पृथ्वीवर पोचणाऱ्या या किरणांची तरंगलांबी सुमारे २९० ते ४०० नॅनोमीटर असते. सूर्याच्या एकूण ऊर्जेत त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपासच भरतो, परंतु रेणूंचे बंध तोडण्याइतके बळ त्यांच्यात असते. प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. या किरणांनी एखादी कडी तुटली, की हवेतील प्राणवायू तेथे शिरतो आणि पुढची मोडतोड आपोआप सुरू होते.

मात्र या मोडतोडीचे दोन प्रकार आहेत आणि आपल्या विषयाचे मर्म त्यांतच आहे. पहिल्या प्रकारात साखळ्या तुटून आखूड होतात. पॉलिलॅक्टिक आम्लात मुख्यतः हे घडते. आखूड साखळ्यांत पाणी सहज शिरते आणि पुढे सूक्ष्म जीवांचे काम सोपे होते. दुसऱ्या प्रकारात तुटलेली टोके शेजारच्या साखळ्यांना चिकटतात व जाळे तयार होते. पीबीएटीच्या रेणूत जी वलये असतात त्यांच्यामुळे त्यात तुटण्याबरोबर हे जुळणेही घडते. अशा जाळ्यात सूक्ष्म जीवांच्या विकरांचा शिरकाव कठीण होतो. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष शेतात अंथरलेल्या अशा कागदांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. उन्हामुळे होणारी ही जाळी पुढील जैविक विघटनाच्या आड येते, असे त्यातून दिसून आले. गंमत अशी, की दोन्ही प्रकारांत कागद ठिसूळ होतो व फाटतो. बांधावरून पाहणाऱ्याला दोन्ही दृश्ये सारखीच दिसतात. एक कागद मातीत मिसळण्याच्या वाटेवर असतो, दुसरा त्या वाटेवरून दूर गेलेला असतो.

खनिजांचे निरनिराळे स्वभाव

या घडामोडीत खनिजांचा वाटा काय? त्यांचा एकच एक स्वभाव नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे.

पांढऱ्या रंगासाठी वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड घ्या. ज्या इल्मेनाइटापासून ते बनते त्याची काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही सापडते. या द्रव्याचे रूटाइल आणि अनाटेज असे दोन स्फटिकरूप प्रकार प्रचारात आहेत. दोन्ही जंबुपार किरण शोषतात. परंतु सिलिका वा अ‍ॅल्युमिनाचा लेप दिलेले रूटाइल ते किरण गिळून स्वस्थ बसते आणि कागदाचे रक्षण करते. लेप नसलेले अनाटेज त्याच किरणांच्या बळावर आसपासच्या प्लॅस्टिकलाच पोखरू लागते. बाहेरून रंगविलेल्या जुन्या भिंतीवर हात फिरवला, तर तळव्याला पांढरी भुकटी लागते. रंगाला धरून ठेवणारे द्रव्य असे पोखरले गेल्याची ती खूण असते. नाव एक, रासायनिक सूत्र एक, आणि एक रक्षक तर दुसरा भक्षक.

चिकणमातीची कथा वेगळी. बेंटोनाइटसारख्या मातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे प्लॅस्टिकमध्ये मिसळले, तर कागद बळकट होतो आणि त्यातून वायू व बाष्प आरपार जाण्यास अडथळा होतो. म्हणून या मिश्रणांचा मोठा बोलबाला झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात अशा मिश्रणांच्या टिकाऊपणाचा कसून अभ्यास केला. बळकटी वाढविणारी ही माती उन्हात मात्र प्लॅस्टिकचे वार्धक्य लवकर आणते, असे आढळले. कारणे अनेक आहेत. मातीत लोहाचा अंश असतो व तो प्राणवायूच्या विध्वंसक कार्याला चालना देतो. माती प्लॅस्टिकमध्ये नीट मिसळावी म्हणून तिच्यावर जे सेंद्रिय क्षार चढवितात, तेही उष्णतेने फुटून तीच चालना देतात. शिवाय उन्हापासून संरक्षणासाठी घातलेली रसायने मातीचे कण आपल्या अंगाला चिकटवून घेतात. म्हणजे पहारेकरी असूनही कामावर हजर नाही, अशी अवस्था होते.

सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत जास्त वापरला जाणारा खडू, अर्थात कॅल्शियम कार्बोनेट, त्यामानाने निरुपद्रवी. तो हे किरण फारसे शोषीत नाही, केवळ इतस्ततः विखुरतो. त्यामुळे वरचा थर अधिक जळतो आणि आतील थराला काहीशी सावली मिळते. त्याचा खरा परिणाम अप्रत्यक्ष असतो. कागद ताणला जातो, तेव्हा खडूचा कण व प्लॅस्टिक यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या पडतात. तेथून पाणी व हवा आत शिरते आणि उन्हाने सुरू केलेले काम पुढे चालते. शंखजिरे पॉलिलॅक्टिक आम्लात स्फटिक धरण्यासाठी बी म्हणून काम करते. स्फटिक झालेला भाग पाण्याला व सूक्ष्म जीवांना उशिरा दाद देतो. त्यातील लोहाचे प्रमाण ते कोणत्या खाणीतून आले यावर अवलंबून असते.

तात्पर्य, 'यात खनिज आहे' एवढ्या माहितीवरून कागद लवकर विरेल की उशिरा, हे ठरविता येत नाही. खनिज कोणते, कणांचा आकार केवढा, वर लेप आहे की नाही, प्रमाण किती, हे सारे कळल्याखेरीज निर्णय देणे म्हणजे पत्रिका न पाहता भविष्य सांगणे होय.

तुटणे आणि कुजणे

येथे एक शंका साहजिक आहे. ऊन कागद मोडीत असेल आणि खनिज त्याला मदत करीत असेल, तर ते इष्टच नव्हे काय? मोडलेले लवकर कुजेल! हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, परंतु शेतात गेल्यावर त्यातील उणीव ध्यानात येते. ऊन मिळते ते वाफ्यावर उघड्या राहिलेल्या पट्ट्याला. पीक वाढले, की त्याच्या पानांची सावली पडते. आणि ज्या कडा मातीत दाबलेल्या असतात, त्यांना पहिल्या दिवसापासून ऊन ठाऊकच नसते. म्हणजे एकाच कागदाचे तीन भाग तीन वयांचे होतात. उघडा भाग पीक उभे असतानाच फाटतो व तणाला वाट मिळते. कडा मात्र पुढच्या हंगामात फाळाला गुंडाळून वर येतात. उन्हाच्या भरवशावर सोडलेले विघटन असे अर्धवट राहते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तुकडे होणे म्हणजे विघटन, असा समज यापूर्वी एकदा जगाने करून घेतला होता. साध्या पॉलिथिनमध्ये लोह, कोबाल्ट, मँगेनीज यांचे क्षार घालून उन्हात भुगा होणारे प्लॅस्टिक बाजारात आले आणि विघटनशील म्हणून खपले. पुढे ध्यानात आले, की त्याचे बारीक तुकडेच होतात व ते माती-पाण्यात पसरतात. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने अशा प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली आणि ती जुलै २०२१ पासून अमलात आली. डोळ्यांआड झाले ते नाहीसे झाले असे मानण्याची ही चूक विघटनशील कागदाच्या नावाखाली पुन्हा होऊ नये.

खनिजामुळे परीक्षेतही घोटाळा होऊ शकतो. शंभर ग्रॅम कागदात वीस ग्रॅम खडू असेल, तर प्लॅस्टिक ऐंशीच ग्रॅम. खडू कुजत नाही आणि त्याने कुजण्याची गरजही नाही. परंतु वजनातील घट मोजून निष्कर्ष काढू पाहणाऱ्याची त्यामुळे फसगत होते. आम्लधर्मी मातीत खडू विरघळतो, वजन घटते, आणि पाहणाऱ्याला वाटते प्लॅस्टिक खाल्ले गेले. इतकेच नव्हे, तर खडू विरघळताना स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतो. आणि सूक्ष्म जीवांनी प्लॅस्टिक खाल्ल्याचा पुरावा म्हणून मोजावयाचा तोही हाच वायू! हिशेबातून खडूचा वाटा वजा केला नाही, तर नापास विद्यार्थी उत्तीर्ण ठरावा.

दोन तालुके, दोन माती

कोल्हापूर जिल्ह्यासाठी हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेला शिरोळात त्याच्या एक-दशांशाच्या आसपास. तिकडे जांभ्याची तांबडी, लोहयुक्त, आम्लधर्मी माती. इकडे चुनखडीयुक्त काळी माती आणि क्षारपड होत चाललेली शिवारे. एका ठिकाणी खडू सहज विरघळेल, दुसऱ्या ठिकाणी तो जागचा हलणार नाही. एकीकडे कित्येक महिने ढगाआड सूर्य, दुसरीकडे भर उन्हाचे दिवस अधिक. एकाच कारखान्याचा कागद या दोन तालुक्यांत दोन तऱ्हांनी वागेल. मग दूरच्या प्रयोगशाळेत, वेगळ्या मातीत घेतलेल्या परीक्षेचा दाखला दोन्हीकडे सारखाच प्रमाण कसा मानावयाचा?

त्यात परीक्षा तरी कोणती, हेही पाहिले पाहिजे. 'कंपोस्ट होणारे' या शिक्क्यासाठी जी आंतरराष्ट्रीय कसोटी आपल्या देशानेही स्वीकारली आहे, तीत सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांत ९० टक्के सेंद्रिय कार्बनाचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये व्हावे लागते. पॉलिलॅक्टिक आम्ल ६० अंशांच्या जवळपास मऊ पडते, म्हणून या कसोटीला ते उतरते. परंतु आपल्या शेतातील नांगरटीच्या थराचे तापमान महिनोन् महिने ५८ अंशांवर राहत नाही. आच्छादनाच्या कागदासाठी युरोपने २०१८ साली स्वतंत्र मानक केले. त्यात साध्या मातीत, २० ते २८ अंशांत, दोन वर्षांच्या आत ९० टक्के विघटनाची अट आहे. भट्टीसारख्या उष्ण कंपोस्टमध्ये उत्तीर्ण झालेला कागद शेतातही उत्तीर्ण होईलच असे नाही, ही जाणीव या दोन मानकांतील फरकामागे आहे.

कायद्याचा हेतू आणि आपले कर्तव्य

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकबंदी केली, तेव्हा शेती, फलोद्यान व रोपवाटिकांसाठी कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकला सवलत ठेवली. हेतू स्तुत्यच होता. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती करून जैवविघटनशील प्लॅस्टिकची जी व्याख्या केली, तीत सूक्ष्म प्लॅस्टिककण मागे राहता कामा नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. व्याख्या चांगली आहे. आता तिची अंमलबजावणी खनिजांच्या प्रश्नापाशी अडखळू नये.

त्यासाठी तीन गोष्टी व्हावयास हव्यात. पहिली, कागदाच्या गुंडाळीवर त्यातील खनिजाचे नाव व प्रमाण छापले जावे. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे वाचून शेतकरी खत घेतो. कागदाच्या बाबतीत तो तेवढाच जाणता ठरेल. दुसरी, परीक्षा कोऱ्या प्लॅस्टिकची न घेता खनिजासह तयार झालेल्या कागदाची घ्यावी. तीही एक हंगाम ऊन खाल्लेल्या भागाची आणि मातीत दाबलेल्या कडेची, अशी स्वतंत्र. तिसरी, ही परीक्षा आपल्या मातीत व्हावी. १९६२ पासून कार्यरत असलेले शिवाजी विद्यापीठ येथे आहे, कृषी महाविद्यालय आहे, ऊस व गुळाचे संशोधन केंद्र आहे. गगनबावडा ते शिरोळ हा उतार म्हणजे निसर्गाने आयती मांडून ठेवलेली प्रयोगशाळाच आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यासारखा उपयुक्त विषय शोधून सापडणार नाही.

आणि तोवर? ज्याला शक्य आहे त्याने साधा आच्छादन-कागद वापरलाच, तर तो जाड व चांगल्या प्रतीचा घ्यावा, म्हणजे पीक निघाल्यावर अखंड गोळा करता येईल. विघटनशील कागद घेणाऱ्याने विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : ही परीक्षा कंपोस्टमध्ये झाली की मातीत? उसाच्या खोडव्यात तर पाचट न जाळता सरीत दाबणे, हे आच्छादन आपल्या हाताशी आहेच. ते कुजते की नाही याचा दाखला कोणाकडे मागावा लागत नाही. टोमॅटो वा मिरचीच्या वाफ्यावर ते सर्वत्र सोयीचे होणार नाही, हेही मान्य. म्हणूनच चांगल्या विघटनशील कागदाची गरज खरी आहे आणि म्हणूनच त्याच्या नावाचा गैरवापर होता कामा नये.

माती ही आपली पिढीजात ठेव आहे. तिच्यात काय मिसळले जात आहे, हे विचारण्याचा अधिकार शेतकऱ्याला आहे आणि त्याचे अन्न खाणाऱ्या प्रत्येकालाही आहे. गोठ्यावरचा कागद फाटला तर पुढच्या मृगाला नवा आणता येतो. शेतात नांगरलेला भुगा मात्र वेचून काढण्याची कोणतीही युक्ती अजून माणसाला साधलेली नाही.